बर्फावरचा सोनार-डबा आणि आपलं धोम-कण्हेर: घरगुती जुगाडांचा धागा

गळकरी_सातारा

अमेरिका, कॅनडा, फिनलंड इकडे थंडीत तळी गोठली की लोक बर्फाला गिरमिटानं भोक पाडतात, शेजारी स्टूल टाकतात आणि भोकातून सरळ खाली गळ सोडतात. त्यांच्या पायाशी सोनारचा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासा दाखवणारा, एक डबा असतो. आत बॅटरी, वर छोटा पडदा आणि भोकात वायरला लोंबणारा ट्रान्सड्यूसर, म्हणजे तो आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग. त्यांचे व्हिडिओ बघून बघून माझं ठाम मत झालंय की आपल्या धोम-कण्हेरसारख्या धरणांवर गळ टाकणाऱ्याला बोटीचा फिशफाइंडर नको, हा बर्फावरचा डबा हवा.

कारण साधं आहे. बोटीच्या किटमधला ट्रान्सड्यूसर मोटरच्या बाजूला, बोटीच्या पाठीमागच्या फळीवर स्क्रूनं बसवायचा असतो आणि बोट पुढे सरकेल तसं चित्र उमटेल असं त्यात धरलेलं असतं. आपल्याकडे ना मोटर, ना फळी. आपण ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर एका जागी ठाण मांडतो. म्हणजे बर्फावर बसलेला तो माणूस आणि आपण एकाच जातीचे, फक्त तो गारठतो आणि आपण भाजतो.

नवीन लोक पडद्यावर कमानी शोधतात आणि दिसली नाही की 'मशीन बोगस आहे' म्हणतात. कमान उमटते ती बोट माशावरून जाते म्हणून. तुम्ही स्थिर आणि मासाही स्थिर असेल तर पडद्यावर लांबलचक आडवी रेघ येते. ती रेघ हळूहळू वर चढायला लागली की समजा मासा आमिषाकडे निघालाय. बर्फावरची मंडळी हेच बघून गळ हलवायचा की थांबवायचा ते ठरवतात. तिथले जुने लोक तर पडदाही वापरत नाहीत. त्यांच्याकडे फ्लॅशर असतो, गोल तबकडीवर रंगीत पट्ट्या लुकलुकतात. त्यात मागचं काही दिसत नाही, आत्ता या क्षणी खाली काय आहे तेवढंच.

आता माझा डबा. त्यांची पाच गॅलनची बादली म्हणजे आपली वीस लिटरची पेंटची बादली, इंचाचा फरक नाही. पांढरीच घ्यायची. तळाला थर्माकोलचा तुकडा, त्यावर बॅटरी पट्ट्यानं आवळलेली. झाकणाला मधोमध भोक पाडून पडद्याचा स्टँड. दुसऱ्या एका झाकणाचा अर्धा तुकडा कापून पडद्यावर उन्हासाठी छज्जा केलाय. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी पडदा थोडा फिरवून बघा, एका कोनात तो पार काळा दिसतो आणि बॅटरी संपली असं वाटतं.

खरी गंमत ट्रान्सड्यूसर लोंबवण्यात आहे. तो पाण्यात अगदी आडवा, तोंड सरळ तळाकडे असा राहायला हवा. नेहमीच्या २०० किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरचा आवाज खाली शंकूसारखा पसरतो, तो शंकू २० अंशांचा धरला तर तळावर दिसणारं वर्तुळ खोलीच्या साधारण एक तृतीयांश असतं. ३० फुटांवर साडेदहा फूट. आता तो ट्रान्सड्यूसर १० अंशांनी कलला, तर शंकूचा मध्य ३० फुटांवर सव्वापाच फूट बाजूला जातो, आणि तुमचा सरळ खाली सोडलेला गळ नेमका शंकूच्या कडेवर येतो. म्हणजे दिसला तर दिसला. म्हणून मी गवंड्याकडून ओळंबा आणून त्याच्या दोरीच्या रेषेत ट्रान्सड्यूसर टांगून बघितला, आणि वर पाणसळीतली छोटी बुडबुड्याची नळी चिकटवली. बर्फावरचे लोक फोमच्या तरंगत्या गोळ्यातून वायर ओवतात आणि ट्रान्सड्यूसर स्वतःच्या वजनानं सरळ होऊ देतात. मीही तेच केलं, फोमऐवजी जाळ्याची तरंग घेतली.

कुणी आणखी काही केलं असेल तर लिहा. खास करून बॅटरीबद्दल, तिथं माझं डोकं कमी चालतं.

वायरमन_कराड

वाखू (वाचनखूण) साठवली. बॅटरीचं मी सांगतो.

पाच इंचाचा रंगीत पडदा साधारण अर्ध्या अँपिअरच्या आत चालतो. ०.४ धरा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी सगळ्यांच्या घरी पडलेली असते. तिच्यातला अर्धाच माल काढायचा, त्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. साडेतीन भागिले ०.४, म्हणजे पावणेनऊ तास. दिवसभराला पुरते. पण वजन दोन किलोच्या पुढे.

हलकी हवी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकापुढे एक. प्रत्येकी ३.२ व्होल्ट, एकूण १२.८. बत्तीस-सातशे (३२७००) मापाचा जाडा सेल ६ अँपिअर-तासांचा मिळतो, चार मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास. सोबत चार सेलचा बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, घ्यायचाच. लॅपटॉपच्या बॅटरीतले जुने सेल काढून तीन जोडणारे बरेच आहेत. ते भरलेले असताना १२.६ असतात, पण उतरताना लवकर १०.५ च्या खाली येतात आणि कित्येक मशीन तिथंच बंद पडतात. शिवाय त्या रसायनाला उन्हाचं वावडं जास्त.

फ्यूज! लाल वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, ३ अँपिअरचा. मशीनच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळे तो पडद्याकडच्या टोकाला लावणं म्हणजे बॅटरीकडची सगळी वायर उघड्यावर सोडणं. सोल्डर करा, स्लीव्ह चढवा. नुसती वायर पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, धरणाच्या ओलीत आठवड्यात हिरवी पडते. बादलीला भोक पाडाल तिथं केबल ग्लँड (वायरभोवती आवळून भोक पाणीबंद करणारी) बसवा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, एम-सील थापत बसू नका.

मिनेसोटातली_माहेरवाशीण

मी मूळची वाईची, आता अमेरिकेत मिनेसोटात. आमच्याकडे डिसेंबरपासून सगळा रस्ता तळ्यावर, अक्षरशः! इथं चालत जायला निदान चार इंच स्वच्छ घट्ट बर्फ लागतो, गाडी न्यायची तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर लोक लाकडी खोपटी ओढून नेतात, आत शेगडी, आणि भोकाशेजारी हा डबा.

गळकरी, तुम्ही इथल्या जुगाडांतले निम्मे उचलू नका, कारण ते थंडीसाठी आहेत. उणे १८ ला लेड-अ‍ॅसिड बॅटरी जेमतेम अर्धी ताकद देते, म्हणून इथले लोक डब्यात हात शेकायच्या पुड्या टाकतात आणि डबा आतून फोमनं मढवतात. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही हा तर घरोघरी पाठ झालेला नियम. आत धातूचं लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. संध्याकाळी घरी आणून ऊब आल्यावरच चार्जरला लावतात. तुम्ही फोमनं डबा मढवलात तर उलट उष्णता आत कोंडेल.

आणखी एक जुगाड: बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर भोक न पाडताच वर थोडं पाणी ओततात, त्यात ट्रान्सड्यूसर टेकवतात आणि खोली बघून घेतात. खाली मासा असेल तरच गिरमिट चालवायचं. पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फातून काही दिसत नाही.

गळकरी_सातारा

ताई, हे पाण्याचं उत्तम सांगितलंत. आवाज पाण्यातून जातो, मधे हवा आली की तिथूनच परततो, सगळं त्यातच आलं. म्हणूनच थर्माकोलच्या तराफ्यावर ट्रान्सड्यूसर ठेवून 'आरपार दिसेल' म्हणणाऱ्यांना सांगतो, थर्माकोल म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच. काही दिसणार नाही. फायबरच्या एकसंध होडीत आतून तळाला सिलिकॉननं चिकटवता येतो, पण खाली एक बुडबुडा राहिला तरी चित्र फिकं पडतं. आधी ओल्या फडक्यात गुंडाळून तळाला दाबून बघा, चित्र आलं तरच चिकटवा.

माशाचा प्रतिध्वनीही हवेचाच असतो. त्याच्या पोटातली हवेची पिशवी आवाज परतवते, अंग तसं पाण्यासारखंच. कटला, रोहू छान दिसतात. वाम दगडांत तळाला चिकटून असते, तळाच्या पट्ट्यातच विरून जाते. आणि मरळ? ती हवा घ्यायला वर येणारी, गवतातली, दोन-तीन फुटांतली. तिच्यासाठी सोनार न्यायचा म्हणजे गावजेवणाला डबा नेण्यासारखं.

औदुंबरवाला

आमच्या सांगलीकडं हे लोंबतं ट्रान्सड्यूसर चालनार न्हाई, राव. धरनाचं पानी थांबल्यालं. कृष्णंला वढ हाय. वायर सोडली की ती तिरपी पाठीमागं जाती, मग ते १० अंश सोडा, ३० अंश बी हुत्यात. मी अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप घेतला, खाली टी, टीला ट्रान्सड्यूसरची पट्टी स्क्रूनं, आन् वर सुताराचा शिकंजा लावून होडीच्या कडंला आवळला. पाईपात वाळू भरली का थरथर कमी हुती. ट्रान्सड्यूसर होडीच्या बुडाच्या चार बोटं खाली पायजे, न्हाईतर बुडाखालच्या फेसातच बघत बसाल.

आमच्या आज्याच्या काळात पुराला गुळाची काहील नदीत सोडून मानसं पल्याड न्यायचे. आता कुनी म्हनंल काहिलीत बसून सोनार लावू, तर लोखंडातनं काय बी दिसायचं न्हाई, पाईप भायेरच सोडावा लागंल.

आनि दुसरं म्हंजी मगरी. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप ह्या पट्ट्यात मगर हाय आन् ती हलत बी न्हाई, लाकूड वाटती. पडद्यात डोकं घालून काठाला पाय पान्यात सोडून बसू नका. उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत अंडी राखती, तवा तर लांबच ऱ्हावा. ट्यूबवर तर अजाबात न्हाई.

वायरमन_कराड

औदुंबरवाला +१. ट्यूब कराडच्या खाली कृष्णेत नकोच.

कोडवाला_सांगली

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) आणि गाडीच्या रिव्हर्स पार्किंगसारखा वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर वापरून स्वस्तात फिशफाइंडर करायचा विचार आहे. युट्यूबवर एकानं केलेला बघितला. महाग मशीनवर पैसे घालवण्यापेक्षा हे का नको?

गळकरी_सातारा

कोडवाला, तो सेन्सर 'वॉटरप्रूफ' म्हणजे पाऊस सोसणारा, पाण्यात ऐकणारा नव्हे. तो ४० किलोहर्ट्झचा आणि हवेसाठी बनवलेला. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, २५ अंशांच्या पाण्यात १४९७. तुझा कोड हवेचा वेग धरून भाग देईल आणि चौपट चूक येईल. बरं, तो आकडा बदलशील. पण त्याची आंधळी पट्टी, म्हणजे अगदी जवळचं त्याला न दिसणारं अंतर, हवेत वीतभर असते, ती पाण्यात चौपटीनं वाढून मीटरभराच्या आसपास जाते. त्याची चकती हवेत थरथरायला जुळवलेली, पाण्यात तिचा जोर फारसा उतरत नाही. पिंपात तळ कदाचित दाखवेल. मासा नाही. माशाचा प्रतिध्वनी तळाच्या मानानं फारच क्षीण असतो, तो वेचून काढणं हेच तर त्या महाग मशीनचं काम.

जाता जाता, हा वेग पाणी थंड झालं की कमी होतो. शून्य अंशाला १४०२. म्हणजे ताईंच्या तळ्यात आणि कण्हेरमध्ये एकच मशीन नेलं तरी पाच-सहा टक्क्यांचा फरक, ३० फुटांत दोन फुटांच्या आत. मासे पकडायला बिघडत नाही.

कण्हेरकाठ

नमस्कार. मी मच्छीमार सोसायटीतला, जाळं टाकनारा. पोरगं हा धागा वाचून दावत हुतं म्हनून त्याच्याच मोबाइलवरनं लिवतोय.

बादली, बॅटरी आन् लांब वायर घिऊन कुनी धरनावर आलं का आमाला पयला संशय येतो, ह्यो करंट लावनार. लावनारे हायतच. विन्व्हर्टर जोडून पान्यात तारा सोडत्यात, मोठं मासं बारकं मासं सगळं उलटं हुतं, आन् एखादा मानूस बी जातो. त्यामुळं तुमच्या त्या डब्याची आदी वळख करून द्या. धरनाचा मासेमारीचा ठेका सोसायटीचा असतो, तवा पावती फाडून घ्या, गळवाल्याला आमी न्हाई म्हनत न्हाई. जाळ्याच्या तरंगा दिसल्या की त्यावर तुमचं लोंबतं यंत्र नेऊ नका, गुतलं तर आमचं जाळं फाटतंय, तुमचं यंत्र न्हाई.

मासा कुठं हाय ते आमाला पान्यावरनं कळतंय, पर बांध कुठं हाय ते न्हाई कळत. धरन झालं तवा शेतं बुडाली. बांध, विहिरी, आंब्याची खोडं तशीच खाली हायती. जाळं तिथंच अडकतंय. तुमच्या पडद्यावर बांध दिसतो का?

गळकरी_सातारा

दादा, दिसतो, आणि स्वच्छ दिसतो. तळ कडक असेल तर जाड ठळक पट्टा आणि खाली पुन्हा एक सावली उमटते, गाळ असेल तर पट्टा पसरट, पुसट. बांधावरून तराफा गेला की तळ एकदम दोन-तीन फूट उचलतो आणि परत उतरतो. खोडं उभी रेघ म्हणून येतात. मे महिन्यात पाणी उतरल्यावर मोबाइलच्या जीपीएसवर त्या जागा टिपून ठेवल्या तर पावसाळ्यानंतर तुमच्या कामी येतील. पावतीचं तंतोतंत पाळतो. डब्यावर मोठ्या अक्षरात 'मासे बघायचे यंत्र' असं रंगवून घेतलंय, हसू नका.

आणि कोयनेकडे, तापोळा-बामणोलीच्या बाजूला जाणाऱ्यांनो, अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळसुद्धा नेऊ नका. तिथं डबा, बॅटरी काहीच नको.

पाणकोंबडी

वाचतेय, मस्त धागा. एक शंका: मेकॅनिक वापरतात तो मोबाइलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा पाण्यात सोडला तर? बर्फावरचे लोक पाण्याखालचा कॅमेराही वापरतात ना?

मिनेसोटातली_माहेरवाशीण

वापरतात, कारण बर्फाखाली पाणी शांत आणि नितळ असतं, वारा नाही, गाळ उठत नाही. तिथं खरी मजा येते.

गळकरी_सातारा

आपल्याकडे पावसाळ्यानंतर चहाच्या रंगाचं पाणी, जानेवारी-फेब्रुवारीत कुठं धोमला थोडं निवळतं. त्या एंडोस्कोपवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाणी, तेही अर्धा तास. त्याखाली दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढत जातो आणि पाणी वायरीच्या सांध्यातून शिरतं. शिवाय त्याची नजर बोटाएवढ्या अंतराची, पाइपात बघण्यासाठी केलेली. चिलापी लेन्सला येऊन धडकली तर दिसेल. पैसे वाया घालवू नका, त्यापेक्षा केबल ग्लँड आणि चांगला चार्जर घ्या.

पाणकोंबडी

बरं झालं विचारलं. चार्जर म्हणजे बाइकचा चालेल का?

वायरमन_कराड

लेड-अ‍ॅसिडला चालेल, पण करंट बघून. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एक अँपिअरच्या आसपासचा पुरे, मोठा लावला तर गरम होते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलना १४.६ व्होल्टला थांबणाराच चार्जर घ्या, बाइकचा नाही. ४५ अंशांच्या वर चार्जिंग नको, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात घरी येऊन लगेच लावू नका, डबा सावलीत तासभर उघडा ठेवा. धरणावर असताना बादलीवर ओलं गोणपाट टाकलं तरी आतलं तापमान बरंच उतरतं, फक्त पाणी ग्लँडच्या बाजूनं ठिबकू देऊ नका. आणि बाइकच्या डिकीत दिवसभर बॅटरी ठेवणाऱ्याला काय म्हणावं?

दोघं मित्र शेजारी बसत असाल तर एक लक्षात घ्या, एकाच फ्रिक्वेन्सीची दोन मशीन जवळ असली की दोघांच्याही पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो. मेनूत अडथळा गाळायची सोय असते ती चालू करा, नाहीतर लांब बसा. माझ्या मेहुण्यासाठी मी दुसरा पर्याय निवडला.

कोडवाला_सांगली

मग माझ्या प्रोजेक्टचं काय? सर विचारतायत.

गळकरी_सातारा

कोडवाला, सोनार सोड, तापमान मोज. उन्हाळ्यात खोल धरणात वरचं पाणी कोमट, खालचं गार, आणि मधे एका पट्ट्यात तापमान झपकन उतरतं. त्या पट्ट्याखाली प्राणवायू कमी पडत जातो, त्यामुळे मासे तळाला न बसता बऱ्याचदा त्याच्या वर तरंगतात. चांगल्या मशीनवर तो पट्टा धुरकट रेघेसारखा दिसतो, पण नक्की किती खोलीवर ते तुझं यंत्र सांगू शकेल.

डीएस१८बी२० नावाचा स्टीलच्या नळीतला सेन्सर घे. अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो आणि लांब वायर सोसतो. डेटा आणि पाच व्होल्टच्या मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लाव, नाहीतर आकडे येणारच नाहीत. वायर जिथं नळीत शिरते तिथं कारखान्याच्या भरवशावर राहू नको, स्लीव्हमध्ये चिकट गोंदवाली घे आणि वर सिलिकॉन. टोकाला शिशाचं वजन, आणि वायरीबरोबर सुताची दोरी, दर मीटरला गाठ. एकेका गाठीला मिनिटभर थांबायचं, कारण नळी गार व्हायला वेळ लागतो. घाई केलीस तर सगळे आकडे वरचेच येतील.

कोडवाला_सांगली

हे जमेल! पंधरा मीटर वायर पुरेल? आणि सेन्सर एकच वर-खाली करू की दर दोन मीटरला एक असे जोडू? एकाच वायरवर बरेच बसतात असं वाचलं.

वायरमन_कराड

बसतात, प्रत्येकाला आपापला पत्ता असतो. पण जितके सांधे तितक्या गळत्या. पहिल्यांदा एकच कर.

कण्हेरकाठ

पंधरा मीटर आमच्या खोल डोहाला कमी पडंल, वीस घे. खाली गार पानी हाय ते पायाला कळतंय, किती खाली हाय ते कुनी मोजलं न्हाई. तू ये, होडी मी देतो. पट्टा जितका खाली सांगशील तितक्या खोलीवर जाळं बांधून बघतो, मग तुझ्या सरांना मासाच दावू.